जेंटामायसिन : वाटून की एकदम?

लघवीच्या जंतुसंसर्गाने तापलेला रुग्ण वर्ध्याच्या एखाद्या वॉर्डात भरती असतो. जेंटामायसिनच्या तीन व्हायल एकाच वेळी सलाइनमध्ये जाताना दिसल्या की नातेवाईक हमखास म्हणतात, ''एवढं एकदम नको, औषध गरम पडेल, किडनीवर येईल.'' त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. '८० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा' असं केसपेपरवर लिहिणारे कितीतरी डॉक्टरही त्याच समजुतीवर चालतात.

ही समजूत निराधार नाही. जेंटामायसिन मूत्रपिंडाला खरोखरच घातक ठरू शकतं. शिवाय प्रतिजैविकांचा पहिला धडा आपण पेनिसिलिनकडून शिकलो. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. देवदास गांधींनी विमानाने पेनिसिलिन मागवलं. पण ते दर काही तासांनी टोचावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. पेनिसिलिनच्या बाबतीत ते वेळापत्रक बरोबरच होतं. हे औषध रक्तात जितका वेळ पुरेशा पातळीवर टिकेल, तितके जंतू मरतात, आणि ते शरीराबाहेर फार लवकर जातं.

चूक झाली ती हा नियम १९६३ नंतर आलेल्या जेंटामायसिनला लावण्यात. त्याचं कूळच वेगळं. इथे जंतू किती मरतात हे औषधाची पातळी किती उंच चढली यावर ठरतं, आणि ते रक्तातून ओसरल्यावरही काही तास उरलेले जंतू डोकं वर काढत नाहीत. म्हणजे मधला रिकामा वेळ जंतूंच्या पथ्यावर पडत नाही. मूत्रपिंडाच्या मात्र पडतो. रक्तातून गाळलेलं औषध मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशी आत ओढून साठवतात, आणि नुकसान होतं ते या साठ्यामुळे. पण पेशींच्या ओढण्याला मर्यादा आहे. पातळी खूप चढली तरी त्या ठरावीकच घेतात, बाकीचं लघवीवाटे निघून जातं. उलट थोडं थोडं औषध दिवसभर समोरून वाहत राहिलं, तर त्या दिवसभर ते घेत राहतात. जपून म्हणून वाटून दिलेला डोस नेमका तिथेच साचतो.

हे माणसात तपासलेलं आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी, ज्यांचं एक मूत्रपिंड काढायचंच होतं अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी सारखाच डोस कुणाला एकदम, कुणाला दिवसभर संथपणे दिला. काढलेल्या मूत्रपिंडात जेंटामायसिनचा साठा एकदम दिलेल्यांत कमी निघाला. १९९५ साली अमेरिकेतील हार्टफर्डच्या रुग्णालयाने २,१८४ रुग्णांना वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम एकदाच देऊन पाहिलं. मूत्रपिंडाला इजा १.२ टक्के रुग्णांत झाली. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला तर फायदा माफकच दिसतो, काही हिशेबांत तो ठळक उठतही नाही. पण वाटून दिल्याने मूत्रपिंड वाचतं, असं कुठल्याही हिशेबातून निघत नाही.

आणि मात्रेचं काय? ४८ किलोच्या माणसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे २४० मिलिग्रॅम, म्हणजे ८० च्या त्याच तीन व्हायल. दिवसाचं औषध तेवढंच राहतं, बदलतं ते फक्त घड्याळ.

अपवाद आहेत, आणि ते मी मनापासून मानतो. हृदयाच्या झडपेच्या काही संसर्गांत वाटून दिलेले डोसच लागतात. दुसरा अपवाद आपल्या भागात रोजचा आहे. मे महिन्याच्या उन्हात पऱ्हाटी उपटणारी साठ वर्षांची, ३८ किलोची मजूर बाई घ्या. पाणी कमी प्यालेली, कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलेलं. क्रिएटिनिन १.२, रिपोर्टवर ते 'नॉर्मल'च्या आसपास दिसतं. पण वय आणि वजन धरून हिशेब केला की तिची मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम ३० मिलिलिटर रक्तद्रव गाळतात. अंगात स्नायूच कमी, म्हणून आकडा फसवतो. तिला २४ तासांचं वेळापत्रकही झेपणार नाही. आधी शरीरातलं पाणी भरून काढा, डायक्लोफेनॅक थांबवा, शक्य असेल तर दुसरं औषध निवडा. जेंटामायसिनच द्यावं लागलं तर दोन डोसांतलं अंतर वाढवा, दिवस कमीत कमी ठेवा आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहत राहा. तीन तुकडे करणं हा तिच्यासाठीही उपाय नाही.

कुणी म्हणेल, एकच सुई ही नर्सची सोय आहे. मग नवजात बाळांकडे पाहा. त्यांची मूत्रपिंडं अजून पुरती तयार झालेली नसतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली, रुग्णालयात नेणं शक्य नसलेल्या आजारी तान्ह्या बाळांसाठी जेंटामायसिन दिवसातून एकदाच सांगितलं. आणि दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळांना तर दोन सुयांमध्ये ३६ किंवा ४८ तास जाऊ देतात.