संगणक पेटी, हस्तनिर्मित

संगणकाचे भाग बसवण्यासाठी हाताने घडवलेली किंवा तयार पेटीत फेरबदल करून केलेली पेटी. १९७६ साली ‘अ‍ॅपल-१’ संगणक पेटीविना, केवळ जोडलेल्या मदरबोर्डच्या रूपात विकला जाई. काही ग्राहकांनी त्यासाठी लाकडी पेट्या केल्या. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स मानकात मदरबोर्डचे माप (३०५ × २४४ मिमी.) व स्क्रूच्या छिद्रांच्या जागा ठरलेल्या असल्याने पेटीची आखणी सुकर झाली.

प्लायवुड, अ‍ॅल्युमिनियम किंवा अ‍ॅक्रिलिक मापाने कापून कडा घासून घेतात. मदरबोर्डचा तळ धातूला टेकल्यास शॉर्टसर्किट होते. म्हणून तो पितळी आधारखुंट्यांवर बसवतात. पंख्यांनी समोरून थंड हवा आत घ्यावी व मागून गरम हवा बाहेर टाकावी, अशी मांडणी करतात. धातूची पेटी विद्युत्‌चुंबकीय व्यत्यय रोखते. लाकूड रोखत नाही. देखणेपणाइतकीच हवेची मोकळी वाट आणि सुरक्षित जोडणी यांत या कारागिरीचा खरा कस लागतो.