पेन्सिल सेल दिसायला सारखे, व्होल्ट मात्र वेगळे

गव्हाण (ता. पनवेल) - पावसाळ्यात वीज गेली किंवा रात्री खाडीकडे जायचे झाले, की उलवे नोडलगतच्या या परिसरात खिशात मावणारी विजेरी शोधली जाते. बोलीत या विजेरीलाही 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यातल्या सेललाही. घोटाळ्याची सुरुवात येथूनच होते. दुकानात 'लिथियमचा पेन्सिल सेल' मागितल्यास एकाच आकाराच्या, पण गुणधर्मांनी अगदी भिन्न वस्तू हाती पडू शकतात.

'एए' हे केवळ आकाराचे नाव आहे. सुमारे १४.५ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबी, एवढाच त्याचा अर्थ. या आकारातील एकदाच वापरायचा लिथियम सेल १.५ व्होल्टचा असतो. नेहमीच्या अल्कलाइन सेलच्या जागी तो सहसा चालतो, वजनाला हलका असतो आणि कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिला, तरी सहसा पाझरत नाही. तो चार्जरमध्ये मात्र कधीही घालू नये. पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर '१४५००' हा क्रमांक असतो. त्याचा दाब ३.७ व्होल्ट, तर पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. दोन साध्या सेलच्या विजेरीला ३ व्होल्टची सवय असते. तिच्यात असे दोन सेल बसवले, की ८.४ व्होल्टचा मारा होतो. दिवा जळतो, प्रसंगी विजेरीच तापते. म्हणून विजेरीच्या माहितीपत्रकात १४५०० चा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो सेल वापरू नये.

एकाहून अधिक सेलच्या विजेरीत नवा-जुना किंवा दोन प्रकारचे सेल एकत्र घालणे सर्वांत धोक्याचे. दुबळा सेल आधी रिकामा होतो, उरलेले त्यातून प्रवाह रेटत राहतात आणि आत वायू तयार होतो. पावसासाठी घेतलेली जलरोधक विजेरी येथे उलटते, कारण घट्ट झाकणामुळे वायूला वाट मिळत नाही. विजेरी अकारण गरम झाली किंवा फुसफुसू लागली, तर झाकण उघडण्याचा प्रयत्न न करता ती मोकळ्या जागी ठेवून दूर व्हावे.

लिथियम सेलचा आणखी एक स्वभाव रात्री बाहेर पडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. अल्कलाइन सेल संपताना उजेड हळूहळू मंदावतो. लिथियम सेल शेवटपर्यंत जोर टिकवतो आणि मग जवळजवळ अचानक साथ सोडतो. सोबत जादा सेल हवाच, पण तो प्लॅस्टिकच्या डबीत. खिशातील नाणी-किल्ल्यांशी त्याची टोके जुळली, तर शॉर्टसर्किट होते. वेष्टन फाटलेला किंवा खाऱ्या पाण्यात भिजलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. १४५०० आकारात साधारण हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच क्षमता मावते. वेष्टनावर तिच्या कितीतरी पट आकडा छापलेला असेल, तर तो माल संशयास्पद समजावा.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल घरगुती कचऱ्यात टाकता येत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावून ते संकलन केंद्रात द्यावेत. डिसेंबर २०२५ पासून जवळच्या नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. प्रवासात सुटे लिथियम सेल हातातील सामानातच ठेवावे लागतात, चेक-इनच्या बॅगेत नव्हे.