तीन कॅथोड आणि एक पांढरा रंग

१/ जुन्या रंगीत टीव्हीचे वय पडद्यावरच्या पांढऱ्या रंगावरून कळे. तो कधी तांबूस, कधी हिरवट, कधी निळसर दिसू लागे. दुरुस्ती करणारा म्हणे, “ट्यूब वीक झाली.” दोष बहुधा पिक्चर ट्यूबच्या मानेतील एखाद्या इवल्याशा कॅथोडमध्ये असे. इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या या भागाला दीर्घायुषी करण्याच्या प्रयत्नांचा हा इतिहास.

२/ १८९७ मध्ये फर्डिनांड ब्राउन यांनी स्ट्रासबर्ग येथे कॅथोड किरण नलिका तयार केली. तिचा कॅथोड थंड होता. इलेक्ट्रॉन मिळवण्यासाठी फार मोठे विद्युतदाब लागत. १९०४ मध्ये आर्थर वेनेल्ट यांनी दाखवून दिले, की तापलेल्या धातूवर बेरियम किंवा कॅल्शियमच्या ऑक्साइडचा लेप असेल, तर इलेक्ट्रॉन विपुल प्रमाणात बाहेर पडतात.

३/ उघड्या टंगस्टनच्या तारेला या कामासाठी २,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापवावे लागते. ऑक्साइडच्या लेपाला साधारण ८०० अंश पुरतात. उष्णता कमी, म्हणून विजेचा खर्चही कमी.

४/ पुढे निकेलच्या टोपीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. ऑक्साइड हवेतील ओलावा शोषून घेतात, म्हणून आधी कार्बोनेट लावत आणि निर्वातात तापवून त्याचे ऑक्साइड करत. निकेलमधील किंचित मॅग्नेशियम आणि सिलिकॉन त्यातून बेरियम मोकळे करतात. या मोकळ्या बेरियममुळेच इलेक्ट्रॉन सहज सुटतात. मात्र ते हळूहळू उडून जाते. समईतल्या तेलासारखा हा साठा जळत जातो. नलिकेत उरलेला वायूही लेप निकामी करतो.

५/ १९५० मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने शॅडो मास्कची रंगीत नलिका दाखवली. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र कॅथोड. पडद्यामागची सच्छिद्र धातूची जाळी बहुतेक इलेक्ट्रॉन अडवते, त्यामुळे उजेडासाठी प्रवाह वाढवावा लागला. लेपाला स्वतःचा विद्युतरोध असतो. मोठ्या प्रवाहाने तो अधिक तापतो आणि लवकर झिजतो.

६/ खरी कसोटी निराळीच होती. कृष्णधवल संचात कॅथोड थकला, की चित्र केवळ मंदावे. रंगीत संचात तिघांपैकी एकच आधी थकला, तरी तिन्ही रंगांचा तोल बिघडे आणि पांढरा रंग नासे. १९६८ च्या सोनीच्या ट्रिनिट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन गन एकच होती. कॅथोड मात्र तीनच राहिले. तिघांनी दीर्घकाळ टिकावे आणि एकाच गतीने म्हातारे व्हावे, हीच अपेक्षा होती.

७/ त्यावरचा उपाय १९५० च्या सुमारास नेदरलँड्समधील फिलिप्सच्या संशोधकांच्या कामातून आकाराला आला: सच्छिद्र टंगस्टनमागे बेरियमचा साठा. पुढे तो साठा टंगस्टनच्या छिद्रांतच भरला जाऊ लागला. पृष्ठभागावरून बेरियम उडाले, की आतून नवे झिरपे. हा कॅथोड सुमारे १,००० अंशांवर चाले आणि कितीतरी मोठा प्रवाह पेले. महाग असल्याने तो आधी सूक्ष्मलहरींच्या नलिकांत आणि नंतरच्या दशकांत मोठ्या, सुस्पष्ट रंगीत नलिकांत आला. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी जुन्याच स्वस्त लेपात स्कँडियम ऑक्साइड मिसळून त्याची ताकद वाढवली.

८/ भारतात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी सुरू झाले. त्या काळी टीव्ही ही घरातली मोठी खरेदी असे. तो किती वर्षे खरे रंग दाखवील, हे मात्र त्याच्या मानेतील बेरियमच्या तीन इवल्या साठ्यांवर ठरे.