मोरो, मोरया

मराठी पुरुषनामे. ‘मोरेश्वर’ या गणपतीवाचक नावाची ही संक्षिप्त रूपे होत. संस्कृत ‘मयूर’ या शब्दापासून प्राकृतात ‘मोर’ झाला. अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखातही ‘मोर’ हेच रूप आढळते. मयूर आणि ईश्वर मिळून मयूरेश्वर, त्याचे मराठी रूप मोरेश्वर. गणेशपुराणानुसार गणेशाने मयूरावर आरूढ होऊन सिंधू दैत्याचा वध केला, म्हणून त्यास हे नाव पडले. कऱ्हाकाठचे मोरगाव (ता. बारामती) हे या दैवताचे प्रमुख क्षेत्र होय.

मोरगावाइतकाच या नावाच्या प्रसाराशी पवनाकाठचा संबंध आहे. पिंपळे गुरव, चिंचवड ही गावे आज पिंपरी-चिंचवड महानगरात मोडतात. त्यांपैकी चिंचवड येथे मोरया गोसावी यांची समाधी असून त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मोरगावच्या गणपतीच्या आराधनेने झालेला पुत्र म्हणून आईवडिलांनी त्यांस देवाचेच नाव ठेवले, अशी परंपरा आहे. भाद्रपदात व माघात चिंचवडहून मोरगावला पालखी जाते. गणेशोत्सवातील घोषात ‘मोरया’ म्हणजे देव की भक्त, हा वाद त्यामुळेच उद्‌भवतो. परंतु भक्ताचे नावच देवावरून आलेले असल्याने तो काहीसा निरर्थक ठरतो. विठ्ठलास ‘विठ्या’ म्हणणाऱ्या भाषेत ‘मोरया’तील सलगीचा ‘या’ अपरिचित नाही.

‘मोरो’तील ओकार नारो, विसो, दादो, निळो यांप्रमाणेच मराठी लघुरूपाचा आहे. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे (मृत्यू १६८३) यांच्या नावात तो टिकला. आदरार्थी ‘पंत’ जोडून मोरोपंत, ‘बा’ जोडून मोरोबा अशी रूपे झाली. पंडित कवी मोरोपंत (१७२९–९४) यांनी आपले नाव पुन्हा संस्कृताकडे नेऊन काव्यात ‘मयूर’ म्हणून मिरविले. त्यांच्या केकावलीचे शीर्षकही मोराच्या केकेवरून, म्हणजे स्वतःच्या नावावरूनच घेतलेले आहे.

देवनाम संक्षेपून माणसास देण्याची चाल अन्यत्रही आहे. नॉर्डिक ‘थोरस्टाइन’ (थोर देव व पाषाण) हे स्वीडनमध्ये ‘तोरस्तेन’ झाले. तेथे देवपूजा लोपूनही नाव उरले. मोरेश्वराची पूजा मात्र चालू आहे. मोरे हे आडनाव किंवा मौर्य हे कुलनाम मोराशी जोडले जात असले, तरी केवळ ध्वनिसाम्यावरून त्यांचा ‘मोरया’शी संबंध लावणे योग्य नव्हे. अलीकडे मोरो हे नाव क्वचितच ठेवले जाते. मयूर आणि मयूरेश ही रूपे रूढ आहेत.