वाडा, फ्लॅट आणि विक्रीकर

पुण्याच्या पेठांत वाडा पाडून फ्लॅट बांधणं आता कुणाला नवं राहिलेलं नाही. आमचाही वाडा असाच गेला. त्याचं रडगाणं आज गायचं नाही. करारावर सही करताना एक कलम होतं, ‘भविष्यात लागू होणारे सर्व कर खरेदीदार भरील’. ते आम्ही न वाचताच पुढं सरकवलं. आज त्या कलमामागचा इतिहास बघू.

विक्रीकर लागतो मालाच्या विक्रीवर. घर म्हणजे माल नव्हे, स्थावर मिळकत. मग घरावर विक्रीकर कसा? हा प्रश्न मद्रास सरकार आणि गॅनन डंकर्ली कंपनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढं आला. १९५८ साली निकाल लागला. न्यायालय म्हणालं, इमारत बांधण्याचा करार हा एकसंध असतो. त्यातली वीट, सिमेंट, लोखंड ही माल म्हणून वेगळी विकली जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर राज्याला विक्रीकर लावता येणार नाही.

आता बघा, हा प्रश्न आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा आहे. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? आपणही विचारू, वीट कोणत्या क्षणी विटेची भिंत होते, आणि भिंत कोणत्या क्षणी जमिनीचा भाग होते? नागसेनाच्या प्रश्नावर कुणाचे पैसे अडलेले नव्हते. इथं राज्यांचा महसूल अडला होता.

म्हणून ४६वी घटनादुरुस्ती झाली. १९८२ची ही दुरुस्ती १९८३ मध्ये अमलात आली. अनुच्छेद ३६६ मध्ये २९-अ हे कलम घातलं गेलं. बांधकामाच्या करारात जो माल वापरला जातो, तो विकला गेला असं मानायचं, असं त्यात ठरलं. प्रत्यक्षात विक्री नाही, पण कायद्यापुरती आहे! शास्त्रात आपण याला कल्पना म्हणतो.

तरी फ्लॅटचा प्रश्न उरलाच. बिल्डर स्वतःसाठी बांधतो की ग्राहकासाठी? २००५ साली के. रहेजा डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, काम पुरं होण्याआधी ग्राहकाशी करार झाला तर ते बांधकाम ग्राहकासाठीच. मग महाराष्ट्रानं २००६ साली मूल्यवर्धित कराच्या कायद्यात दुरुस्ती केली. बिल्डरांची संघटना कोर्टात गेली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दुरुस्ती वैध ठरवली, आणि २०१३ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच तत्त्व उचलून धरलं. ग्राहकाशी करार झाल्यानंतर जो माल लागतो, तेवढ्यावरच कर, अशी मर्यादाही घातली.

पण मधल्या सहा वर्षांत लोक घरात राहायला गेले होते. २००६ ते २०१० मध्ये करार केलेल्यांकडं बिल्डर आता कराचे पैसे मागू लागले. १ एप्रिल २०१० नंतरच्या करारांना एक टक्क्याची सोपी योजना होती. आधीच्यांना ती नव्हती. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हे कसं समजावून सांगायचं? हिशेब मिटला असं समजून त्यानं कधीच फाइल बांधून ठेवलेली असते.

२०१७ मध्ये जीएसटी आला, नाव बदललं. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण पाच टक्के, परवडणाऱ्या घरावर एक टक्का. वाड्याच्या मालकाला जमिनीच्या बदल्यात जे फ्लॅट मिळतात, त्यांच्या बांधकामावरही कर आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटवर मात्र नाही. एकाच जिन्यावर समोरासमोरची दोन दारं. एकाला कर, दुसऱ्याला नाही. भिंती सारख्याच, फरक फक्त करार कधी झाला याचा.

कायद्याला कुठंतरी रेघ ओढावीच लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण रेघ कुठं आहे हे माणसाला सही करण्याआधी कळलं पाहिजे, मागाहून नव्हे. म्हणून ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना एवढंच सांगणं, ते कराचं कलम आधी वाचा, आणि पैसे कोण भरणार ते स्पष्ट लिहून घ्या.