नांदेड-लातूरची नित्यव्यवहारातील शब्दसंपत्ती : एक ऐतिहासिक विचार

मराठीतील बोलीभेदाची चर्चा बहुधा उच्चार आणि प्रत्यय यांच्या अंगाने झाली आहे. नित्यव्यवहारातील शब्दांचा भूगोल आणि त्यामागचा इतिहास हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे साठच्या दशकात अ. मा. घाटगे यांनी केलेली बोलींची सर्वेक्षणे मुख्यतः कोकण व किनारपट्टीची होती. परिणामी मराठवाड्याची बोली म्हणजे 'निजामी राजवटीमुळे उर्दूमिश्रित झालेली मराठी' हे सुटसुटीत विधान बराच काळ तपासलेच गेले नाही. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील शब्दसंपत्ती पाहिली असता ते अपुरे ठरते.

पुण्याकडून या भागात येणाऱ्या प्रवाशाला अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दच अधिक चकवतात. 'धुरा' हा शब्द प्रमाण मराठीत 'वाहण्या-सांभाळण्या'पुरता उरला आहे. नांदेडकडे धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. 'आखाडा' ही कुस्तीची जागा नव्हे, तर शेतातील गुराढोरांची व मुक्कामाची जागा. 'कोठा' म्हणजे गोठा. 'सुशीला' हे बाईचे नाव नसून मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ आहे, आणि उत्तर कर्नाटकातील 'सुसला'शी त्याचे नाते उघड आहे. ज्या मुरमुऱ्यांचा तो होतो त्यांना कोल्हापूर-सांगलीकडे चुरमुरे आणि मुंबईत कुरमुरे म्हणतात. या यादीत उर्दूचा वाटा जवळजवळ नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

'मराठवाडी' नावाची एकजिनसी बोलीही येथे आढळत नाही. लातूरकडे कापून रचलेल्या पिकाच्या ढिगाला 'बनीम' म्हणतात. नांदेड-हिंगोलीच्या बाजूस त्यालाच 'गंजी' वा 'सुडी' हे शब्द आहेत. लातूरचा माणूस 'काय करायलास?' असे विचारतो, नांदेड-परभणीचा 'काय करूलालास?' असे. दोन्ही रूपे चालू क्रियेची आहेत. पहिल्यात 'करायला लागणे' ऐकून आरंभाचा अर्थ काढणारा वाचक वाक्यच चुकीचे वाचतो.

या भेदांचा उलगडा करताना फारसी-अरबी शब्दांचे दोन थर वेगळे करणे अगत्याचे आहे. 'हुकूम', 'वसूल', 'अर्ज', 'जमीन' हे शब्द निजामी मराठवाड्याचे वैशिष्ट्य नव्हेत. ते आसफजाही सत्तेच्या आधीपासून मराठीत रुळले होते. म्हणूनच शिवकाळात राज्यव्यवहारकोशाची गरज भासली आणि माधव जूलियन यांना १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करावासा वाटला. दुसरा थर हैदराबाद संस्थानातील संस्थांचा. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली, ऐंशीच्या दशकात फारसीऐवजी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. जिल्ह्याचा प्रमुख 'अव्वल तालुकदार' झाला, गावचे दप्तर 'पटवाऱ्या'कडे राहिले. एकीकरणानंतर कागदावर 'तलाठी' आला तरी लोकांच्या तोंडी पटवारी टिकला. धान्यबाजाराचा 'मोंढा' याच व्यापारी जाळ्यातला. सिकंदराबादेतही 'मोंडा' मार्केट आहे. १९१७ साली उभारलेल्या लातूरच्या गंजगोलाईचे नाव तर नगररचनेची आणि बाजाराची भाषा एकत्र आणते. तेव्हा येथे धर्मापेक्षा दप्तर आणि पेठ यांनी शब्द वाहून आणले, असे म्हणणे अधिक युक्त होय.

तिसरा घटक सीमेचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा व अहमदपूर हे भाग बीदर जिल्ह्यातून आणि किनवट आदिलाबादमधून मुंबई राज्यात आले. उलट नांदेडचे मुधोळ, भैंसा आंध्रात गेले. लातूर जिल्हा तर १९८२ साली उस्मानाबाद (आताचा धाराशिव) विभागून झाला. आजच्या जिल्हासीमा या शब्दसीमांहून कितीतरी तरुण आहेत. उदगीरच्या शब्दाची सोयरीक बीदरशी जुळली तर ते 'कानडी आक्रमण' ठरत नाही. ती एकाच जिल्ह्यातील जुनी शेजारधर्माची गोष्ट असते.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत बोली केवळ संवादांत येत नाही. पार्वतीचे निवेदनच बोलीत आहे. अशा कृतीत अर्थ समजावून देणारी प्रमाणभाषेची चौकट उरत नाही. तरीही ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने बोलीकडे बहुधा 'प्रादेशिक रंग' म्हणून पाहिले. रंग पुसता येतो. शब्दामागील जमीनधारणा, पेठ आणि घर पुसले की अर्थच उरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने याचे कठोर प्रत्यंतर दिले. दगडमातीच्या भिंती आणि जड मातीचे छप्पर असलेली घरे कोसळली, हजारो माणसे दगावली. पुनर्वसित गावांत काँक्रीटची घरे उभी राहिली, आणि 'माळवद', 'ढाळज', भिंतीतले धान्याचे 'बळद' या शब्दांखालची वास्तूच नाहीशी झाली. नव्या वसाहतीत वाढलेल्या पिढीला हे शब्द आजीच्या बोलण्यातून किंवा पुस्तकातूनच भेटतात. पुढे ज्वारीच्या शिवारात सोयाबीन पसरले, तशी कडबा आणि पेव यांभोवतीची शब्दावलीही विरळ होत गेली. मात्र 'बनीम' सोयाबीनच्या ढिगालाही लागू झाला आणि टिकला. शब्द जगतो तो वस्तूच्या आधाराने, किंवा नवी वस्तू पत्करून.

म्हणूनच बोलीकोशाने शब्दाला प्रमाण पर्याय देऊन थांबू नये. तो कोणत्या तालुक्यात, कोणत्या राजवटीत, कोणत्या कामासाठी वापरला गेला याची नोंद नसेल, तर 'धुरा : बांध' एवढ्या समीकरणातून त्या धुऱ्यावरचा इतिहास कधीच कळणार नाही.