मांडवगडचं पाणी

मांडवगड म्हटलं की बहुतेकांना बाजबहादूर आणि राणी रूपमती आठवतात. मी भाद्रपदात कॅमेरा घेऊन तिथं दिवसभर पायी हिंडलो आणि घरी येऊन फोटो पाहिले, तर निम्म्याहून जास्त पाण्याचेच निघाले. तलाव, बावड्या, पन्हळी, हौद. म्हणून आज प्रेमकथा बाजूला ठेवून पाण्याविषयी लिहितो.

मुक्काम बदनावरला, एका स्नेह्यांकडे होता. बदनावर हा जुन्या धार संस्थानचा मुलूख. धारला पवारांचं राज्य होतं आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्याच किल्ल्यात झाला. त्यामुळे आपल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. धारहून मांडवगड साधारण ३५ किलोमीटर. काकडा खोह नावाची खोल दरी ओलांडली की गडाचं पठार लागतं.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला होशंगशहाने माळव्याची राजधानी धारहून इथं आणली. जागा अभेद्य खरी, पण वर नदी नाही. नर्मदा दिसते ती रूपमतीच्या मंडपातून, खाली दूर निमाडात, चांदीच्या रेघेसारखी. म्हणजे पावसाचं पाणी अडवून ठेवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुंज आणि कापूर या दोन तलावांच्या मधोमध जहाज महाल उभा आहे, सुमारे १२० मीटर लांब. त्याच्या गच्चीवर पाणी वाहून नेणाऱ्या नागमोडी पन्हळी पाहिल्या. पाणी वळणावळणाने सावकाश जातं आणि गाळ मागे राहतो. उजाली आणि अंधेरी अशा दोन बावड्याही आहेत.

आता इतिहासातली एक गंमत. १६१७ साली बादशहा जहांगीर सात-एक महिने इथं राहिला. पावसाळ्यातल्या मांडवगडसारखी रम्य हवा आणि देखावा दुसरीकडे नाही, अशा अर्थाचं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्याच मुक्कामात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही होता. त्याची रोजनिशी वाचा, तर पाण्याच्या टंचाईची तक्रार! दरबार आला तो मार्च महिन्यात. एवढं लष्कर, हत्ती, घोडे, नोकरचाकर यांना पुरेल इतकं पाणी गडावर कुठून असणार?

खोटं दोघांपैकी कुणीच लिहिलं नाही. एकाच्या दाराशी पाणी येत होतं आणि दुसऱ्याला ते शोधावं लागत होतं. आणि ज्यांनी कावडी, पखाली वाहिल्या, त्यांनी तर काहीच लिहून ठेवलं नाही.

आपल्या जुन्या गोव्याची आठवण येते ती इथेच. तिथं मांडवी दाराशी, पण विहिरींचं पाणी दूषित झालं, साथी आल्या आणि लोक शहर सोडून गेले. १७५९ साली व्हाइसरॉयनेही पणजीजवळ बिऱ्हाड हलवलं. मांडवगड ओस पडण्याची कारणं वेगळी, मुख्यतः राजकीय. १५६१ साली अकबराच्या फौजेने बाजबहादूरला हरवलं आणि राजधानीपण संपलं. पण दोन्हीकडे आपण चर्च, महाल, घुमट पाहतो आणि विहिरीकडे पाठ करून फोटो काढतो.

मांडवगडला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात जरूर जावं, हिरवाई अप्रतिम असते. जमल्यास एकदा वैशाखातही जावं. मग रोचं म्हणणं पटेल.